तंबूतला वन्स मोअर

“ओ बाई, मुंडकं जरासं खाली घ्या ना! आमी का तुमचा अंबाडा पाह्याले आलो काय?”

मागून पाठीत बोटही टोचलं. सुलोचनेने मान खाली घातली आणि पदर आणखी पुढे ओढला. आवाज शेजारच्या भागाबाईचा होता. लहानपणी तिच्याच परसातली बोरं सुलोचनेने झोडपली होती. समोरच्या पडद्यावर सुलोचनेचंच तोंड बैलगाडीच्या चाकाएवढं झालं होतं, आणि ते नीट दिसावं म्हणून भागाबाई खऱ्या सुलोचनेला वाकवत होती.

तळेगावच्या बाजाराच्या मैदानात फिरत्या टॉकीजचा तंबू लागला होता. सुलोचना माहेरी आली आहे हे गावाला ठाऊक होतं, पण ती स्वतःचा सिनेमा बघायला येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आईचं जुनं लुगडं नेसून ती बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसली होती. लोक काय म्हणतात ते तिला ऐकायचं होतं. खरं तर एकाच गोष्टीबद्दल ऐकायचं होतं.

परकरी वयात ती नाटक कंपनीत गेली ती गळ्याच्या जोरावर. पुढे बोलपटांनी नेली तीही गळ्यासाठीच. नायिका झाली, नायिकेची थोरली बहीण झाली, आणि चाळिशी यायच्या आतच केसांना पांढरी पूड लावून नायकाची आई झाली. ह्या सिनेमात आईला एक अंगाई होती.

तळेगावची एक रीत होती. नाटकात देतात तसा हे लोक सिनेमातल्या गाण्यालाही वन्स मोअर देत. पहिल्यांदा दिला तेव्हा मशीनवाला म्हणाला, अरे, पडद्यावरची बाई तुमचं ऐकते काय? लोकांनी तंबूचे खुंटे हलवायला सुरुवात केली, तेव्हा त्याने रीळ मागे गुंडाळून गाणं पुन्हा दाखवलं. तेव्हापासून सुलोचनेचं गाणं दोनदा हा कायदाच झाला. मुंबईत एवढ्या लोकांनी एवढं कौतुक केलं, पण ही गोष्ट आठवली की तिला अजून हसू फुटायचं.

पडद्यावर पाळणा हलला. अंगाई सुरू झाली.

गळा कोवळा होता, स्वच्छ, नव्या काचेच्या बांगडीसारखा. सुलोचनेचा आवाज भरदार, किंचित खरबरीत. रामनवमीला देवळात गायली तर वेशीपर्यंत जायचा. पहिल्याच ओळीला तिच्या पाठीमागे शेंगा फोडल्याचा आवाज थांबला. कुणीतरी कुणाला तरी कोपराने ढोसलं. मग तेही थांबलं.

गाणं संपलं. मशीनची खडखड तेवढी ऐकू येत होती. सुलोचनेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. कायदा मोडला तर बरं, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने एक म्हातारा, घसा ताणलेला हाकारा आला.

“वन्स मोअर!”

तो आनंदराव मास्तरांचा होता. कंपनीत दहा वर्षं त्यांनी तिच्यामागे ऑर्गन वाजवला होता. आता कंपनी बुडाली होती आणि मास्तर जिनिंगमध्ये कापूस तोलत होते. त्यांच्यामागून सगळा तंबू उठला. एवढ्या मोठ्यांदा वन्स मोअर तळेगावाने कधी दिला नव्हता. मयतीत रडणारे कमी पडले की उरलेले जोर लावतात, तसा तो जोर होता. रीळ मागे फिरलं आणि सुलोचनेने ती परकी अंगाई मान खाली घालून दुसऱ्यांदा ऐकली.

सकाळी पुंडलिकराव दारात उभे. हिंगणघाटचे नाटकाचे कंत्राटदार. भरगच्च जाकीट, तोंडात पान, आणि मागे, बोलावून आणलेले आनंदराव मास्तर.

“बाई, मी आर्वीले मुक्कामी होतो. लोक म्हणाले तुमचा पिक्चर लागला, तर आलो. जन्म गेला नाटकं लावण्यात, पण टॉकीजमंदी वन्स मोअर? आजवर पाह्यला नाई!”

“गावचे लोक आहेत. कौतुक करतात,” सुलोचना म्हणाली.

“कौतुक कायचं? गळा हाये म्हणून कौतुक! दसऱ्याले वर्ध्यात संगीत नाटक लावतो. नायिका तुम्ही. ह्या सिनेमावाल्याईले अक्कल नाई, असा गळा असून तुमाले आई करून राह्यले! ऑर्गनवर मास्तर. काय मास्तर?”

मास्तर टोपी हातात फिरवत होते. टोपीच्या कडेला कापसाचा एक पुंजका चिकटलेला होता.

“माही तयारी हाये,” ते म्हणाले, सुलोचनेकडे न बघता.

चिवळीच्या भाजीची जुडी घेऊन भागाबाई आली. पाहुणे पाहून दारातच बसली.

“काल लय रडवलं वं बाई तू. आन् पडद्यावर लुगडं कित्ती शोभत होतं तुले!”

“आणि गाणं?” सुलोचनेने विचारलं.

भागाबाई जुडीची माती झटकू लागली. “गाण्याचं का सांगा लागते? दोनदा नाई झालं?”

दोन वर्षांमागे सुलोचनेला मोठा ताप आला होता. ताप गेला, पण वरचा सूर घेऊन गेला. घशातून नुसती हवा यायची. स्टुडिओतल्या माणसाने भल्या मनाने सांगितलं होतं की, बाई, नवीन यंत्राला तुमचा आवाज जड पडतो. ते वाक्य तिने पदरात बांधून घरी आणलं होतं. त्यानंतर गायची दुसरीच एक मुलगी; ती ओठ तेवढे हलवायची.

आता बोलावं, असं तिला वाटलं. पुंडलिकरावांना सांगावं की, तुम्ही ज्या मुलीला न्यायला आलात ती मुंबईत आहे. पण नायिका हा शब्द तिने किती दिवसांनी ऐकला होता. आणि टोपीवरचा तो कापूस.

“मंग एक पद होऊन जाऊ द्या,” पुंडलिकराव मांडी ठोकून बसले. “तुमच्या तोंडून, समोर बसून. पेटी हाये ना घरात?”

पेटी होती. कोपऱ्यात तिच्यावर शेवया पसरलेलं सूप ठेवलेलं होतं. मास्तरांनी ते उचलून बाजूला ठेवलं, भाता उघडला. सुलोचना जन्मभर काळी चारमध्ये गायली होती. मास्तरांचं बोट त्या पट्टीवरून सरकलं, खाली आलं, आणखी खाली आलं आणि काळी एकवर थांबलं. त्यांनी मान वर केली नाही.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

सुलोचनेने पदर सारखा केला, डोळे मिटले. पेटीचा सूर खोलीत भरून राहिला. तिने तोंड उघडलं. आणि स्टुडिओतल्या सवयीने तिचे ओठ नीट, सुंदर हलले, जणू आवाज दुसरीकडून कुठून तरी येणार होता.

भागाबाईने खाली पाहिलं. पुंडलिकरावांचं पान चघळणं थांबलं. मास्तर भाता हलवतच राहिले.

चुलीजवळ यशोदाबाई, सुलोचनेची आई, चहा गाळत होती. मोतीबिंदूमुळे तिला पडदा दिसत नसे, म्हणून ती कधी तंबूत गेली नव्हती. पोरीचे सगळे सिनेमे तिने ओट्यावर बसून, तंबूवरच्या भोंग्यातून ऐकले होते. तिने गाळणं खाली ठेवलं आणि चाचपडत येऊन लेकीसमोर बसली. हाताने तिचा गळा शोधला आणि त्यावर तळवा ठेवला.

“काल भोंग्यातून आलं ते तुहं नव्हतं,” ती म्हणाली. “आन् तू आली तवापासून जात्यावर एक ओवी नाई म्हटली. मास्तर, थांबवा ते. सुलो, तुहा आवाज कुठी गेला वं?”