पडलेल्या उसात

राहीबाईला उसाची भीती वाटायची. पण ही भीती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. पाथर्डीच्या डोंगराखालचं गाव सोडून, मिरी, घोडेगाव, सोनई असे मुक्काम टाकत, बैलगाडीनं पाच दिवस रखडत ज्याच्यासाठी इथवर आलो, त्याच पिकाला भ्यायचं म्हणजे काय? नवरा गहिनीनाथ हसला असता. मुकादम भिमाजीनं तर ती गोष्ट ऊसतोडीच्या टोळीभर केली असती.

तिच्या गावाकडं सगळं उघडं होतं. माळावर उभं राहिलं की तीन बाजूंना डोंगर दिसायचे, त्यामुळं मान वर केली की आपण कुठं आहोत ते आपोआप कळायचं. विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवायच्या, बाजरी कंबरेच्या वर जायची नाही, पण वाट चुकली असं जन्मात कधी झालं नव्हतं. इकडं प्रवरेच्या कालव्यावर जमीन ताटासारखी सपाट. काळीभोर माती, जागोजाग पाटाचं पाणी, आणि नजर टाकावी तिकडं डोक्याच्या वर दोन हात ऊस. खूण म्हणून धरावी अशी एकच वस्तू, कारखान्याची चिमणी. बांधावर उभं असलं की ती दिसायची. उसात चार पावलं शिरलं की तीही गेली. मग वर आभाळाची चिंधी आणि अंगाला पात्यांची कुसळं. फडात शिरताना राहीबाईचा जीव घुसमटायचा, म्हणून तोडणीला ती नेहमी कडेची पात, म्हणजे कडेच्या ओळी, धरायची.

एकाहत्तर साल होतं. पावसानं दगा दिला होता आणि तिचं निम्मं गाव दसऱ्यानंतर कोयता घेऊन बाहेर पडलं होतं. सासू भागूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजेड-अंधार कळायचा, समोर माणूस आहे एवढं कळायचं, पण कोण ते आवाजावरून. तिला घरी ठेवायचं कुणाच्या भरवशावर? म्हणून गाडीत भांड्यांच्या आणि कोंबड्यांच्या शेजारी बसवून तिलाही आणलं. म्हातारी नुसती बसून खाणारी नव्हती. फडाच्या कडेला बसून उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं पिळून मोळ्या बांधायचे आळे वळायची. डोळे नसलेल्या बाईचे आळे सगळ्या टोळीत घट्ट असायचे.

पौष महिन्यात टोळी बागायतदार आप्पासाहेबांच्या फडावर आली. सहा एकरांचा फड, आणि सगळा पडलेला. दिवाळीच्या आधी एकच वादळ आलं होतं, त्यानं हा ऊस लोळवला होता. असला ऊस तोडणाऱ्याच्या जिवावर येतो. कांड्या एकमेकींत गुंतलेल्या, कुठं आडव्या, कुठं पुन्हा उठून वाकड्या वाढलेल्या. सऱ्या खाली दडून गेलेल्या. आत शिरायचं तर वाकून, नाहीतर रांगत.

तिसऱ्या दिवशी दुपारी गहिनीनाथ भरलेली गाडी घेऊन कारखान्यावर गेला होता. राहीबाईची पात मागं पडली होती आणि भिमाजी दोनदा बोलून गेला होता. तेवढ्यात भागूबाई हाका मारत काठी टेकत आली.

"राही, मला जरा आत नेतीस का? बसायचंय."

रोज राहीबाई तिचा हात धरून न्यायची आणि पाठ करून उभी राहायची. त्या दिवशी तिला कोयता खाली ठेवावासा वाटला नाही.

"आत्याबाई, ही सरी मोकळी हाय बघा. धाएक पावलं सरळ जा, बसा, आन् तशाच माघारी या."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि हातानं ऊस चाचपत आत गेली.

राहीबाईनं पुढच्या तीन मोळ्यांइतका ऊस तोडला असेल. मग तिला वास आला. पलीकडचं रान आठवड्यापूर्वी तुटलं होतं आणि तिथलं पाचट सकाळपासून जाळत होते. जाळणाऱ्या गड्यानं वारा पडलेला बघून काडी लावली होती. आता वारा उठला होता, आणि फिरला होता.

"पेटला! ऊस पेटला!" कुणीतरी ओरडलं.

पलीकडच्या बांधावरून धूर आत झुकला आणि बघता बघता त्याच्या पोटात लाल जीभ दिसली. पोरंबाळं, बैल, गाड्या, सगळी धावाधाव सडकेकडं झाली. राहीबाईही पळाली. सडकेवर आल्यावर तिनं मागं वळून माणसं बघितली. त्यांत म्हातारी नव्हती.

"आत्याबाई आत हायेत!"

भिमाजीनं तिचा दंड धरला. "कुठल्या अंगाला?"

तिनं हात केला, पण तिलाच खात्री नव्हती. सगळा फड सारखाच दिसत होता.

"जाऊ नगंस, राहीबाई. समदा पडल्याला ऊस हाय, आत दिशा न्हाई कळायची. म्या मानसं घेऊन त्या अंगानं बघतो. ऐक माझं!"

तिनं हिसडा दिला. पदर त्याच्या हातात अडकून फाटला. पुढचं काही विचार करून केलं असं नाही. म्हातारीला आपणच आत पाठवलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

मोकळी सरी दहा-बारा पावलांवर संपली. तिथं कुणी नव्हतं. पुढं कांड्यांची जाळी होती.

"आत्याबाई! अवो आत्याबाई!"

कुठून तरी ओ आली. ती त्या दिशेनं रांगत निघाली. पुन्हा हाक दिली, पुन्हा ओ आली, पण आता दुसऱ्या बाजूनं आल्यासारखी वाटली. पात्यांनी तोंड चिरलं जात होतं. दोनदा वळसा घालावा लागला, एकदा आडव्या कांड्यांच्या खालून सरपटावं लागलं. म्हातारी सापडली तेव्हा ती उकिडवी बसली होती, डोक्यावरून पदर घेतलेला, आणि कानिफनाथाचं नाव पुटपुटत होती. काठी कुठं तरी हरवली होती.

"काठी शोधाया गेले आन् फिरले गं," ती म्हणाली. "कसला वास ह्यो?"

"आग लागलीया. चला, हात धरा."

राहीबाई वळली, आणि तिला कळलं की आपण कुठून आलो ते आपल्याला माहीत नाही. मान वर केली. वर पिवळट धूर. चिमणी नाही, झाड नाही, सूर्यसुद्धा कुठं आहे ते कळेना. आवाजावरून ठरवावं तर वाळलेल्या पाचटाचा तो कडकडाट, घरावर दगडांचा पाऊस पडावा तसा, सगळीकडूनच येत होता. एक ससा तिच्या मांडीला धडकून डाव्या बाजूला पळाला. तिनं डावीकडं तोंड केलं. तेवढ्यात डावीकडूनच एक कोल्हा फुटला आणि उजवीकडं गेला. जनावरांनाही कळत नव्हतं.

ती एकीकडं निघाली. म्हातारीला ओढत, कांड्या बाजूला सारत, दहा हात, वीस हात. समोरून गरम झळ आली. माघारी वळली. म्हातारी अडखळून पडली, उठवली, पुन्हा पडली. धूर खाली उतरला होता. राहीबाईला श्वास घेता येईना.

आणि तिनं हात सोडला.

सोडला म्हणजे सुटला नाही. तिनं बोटं उघडली. दोन्ही हात मोकळे झाल्यावर ती केवढी भरभर सरकली! पाच-सहा हात पुढं गेली. अंग हलकं झालं होतं. मागं म्हातारी ओरडली नाही, बोलावलं नाही, काहीच नाही. ओरडली असती तर कदाचित राहीबाई थांबली नसती. त्या गप्प बसण्यानंच ती थबकली. ती जागच्या जागी कुत्र्यासारखी धापा टाकत राहिली आणि मग माघारी सरपटत आली.

भागूबाई जमिनीवर पालथी झाली होती आणि उसाच्या बुडख्यांवरून हात फिरवत होती.

"उठा, आत्याबाई, उठा!"

"दम धर. हितं हात लाव."

"आता काय हात लावायचं!"

"लाव म्हन्ते ना!" म्हातारीनं तिचं मनगट पकडून बुडख्यावर दाबलं. "काय लागतंय?"

"कचरा. पाला."

"कोन्त्या अंगाला?"

राहीबाईनं चाचपलं. बुडख्याच्या एका बाजूला काडीकचरा, वाळलेलं गवत, पाल्याचा चिखलानं चिकटलेला थर होता. दुसरी बाजू स्वच्छ होती. शेजारच्या बुडख्यालाही तसंच. त्याच बाजूला.

"आपल्या वढ्याला पूर येऊन गेल्याव झुडपाला कचरा कुठं अडकतो? वरल्या अंगाला. पानी जिकडून आलं तिकडं," भागूबाई म्हणाली. "ह्या सऱ्यांस्नी बी पानी कुठून तरी येतंच की. तिकडं पान्याची चारी असनार. चल."

"तिकडनंच तर धूर येतोय!"

"धूर समदीकडंच हाय. चल म्हन्ते!"

त्या निघाल्या. आता पुढं म्हातारी होती. दर दोन हातांवर ती बुडखा चाचपायची, कचऱ्याची बाजू बघायची आणि तिकडं सरकायची. राहीबाईनं तिच्या लुगड्याचा सोगा मुठीत धरला होता आणि या खेपेला मूठ उघडायची नाही, एवढंच ती स्वतःला बजावत होती. धूर दाट होत गेला. एका जागी तर उजव्या हाताला, माणूसभर अंतरावर, पात्यांचा भडका उडाला आणि उजव्या दंडावर काहीतरी जळकं पडलं. तिनं किंकाळी फोडली. म्हातारी थांबली नाही. राहीबाईला वाटलं, ही आंधळी बाई आपल्याला सरळ आगीत घेऊन चालली आहे, आणि तरीही आपण हिच्या मागं चाललो आहोत.

मग हाताखाली ओला चिखल लागला. लगेच म्हातारी पुढच्या पुढं दिसेनाशी झाली आणि पाण्याचा धबकन आवाज झाला. सोग्याबरोबर राहीबाईही खाली गेली.

चारीत मांडीएवढं पाणी वाहत होतं. कालव्याच्या पाण्याची पाळी चालू होती, म्हणून. त्या दोघी गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या. राहीबाईनं ओला पदर दोघींच्या डोक्यांवरून ओढला. आग काठापर्यंत आली. तोंडावरचं पाणी वाळावं अशी धग होती. चारीच्या पलीकडं हिरवागार लसूणघास होता. त्याची कड करपली आणि आग तिथंच घुटमळून बसली. ते सगळं किती वेळ चाललं, राहीबाईला सांगता येणार नाही. तिला आठवतं ते एवढंच, की पाणी थंड होतं आणि म्हातारीचे दात वाजत होते.

भिमाजीला आणि माणसांना त्या चारीतच सापडल्या. राहीबाईचा दंड भाजला होता, म्हातारीचे पुढचे केस होरपळून गेले होते. संध्याकाळी गहिनीनाथ रिकामी गाडी घेऊन आला, तर त्यांच्या पाचटाच्या कोपीपुढं ही गर्दी. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, सुनेनं सासूला आगीतून काढलं. आप्पासाहेब स्वतः येऊन हात जोडून गेले. बायका राहीबाईच्या दंडावर खोबरेल लावत होत्या आणि तिचं कौतुक करत होत्या. ती खाली मान घालून बसली होती. प्रत्येक कौतुकागणिक तिला तो पाच-सहा हातांचा हलकेपणा आठवत होता.

जळलेला ऊस ठेवून चालत नाही, रस आटतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी टोळी त्याच फडावर. पाती जळून गेली होती आणि नुसत्या काळ्या कांड्या पडल्या होत्या. आता फडातून सडक दिसत होती, चिमणी दिसत होती. तरी राहीबाईचा पाय बांधावरून खाली पडेना. गहिनीनाथनं तिच्याकडं बघितलं आणि तिच्या पातीवरही त्यानंच कोयता चालवायला घेतला.

भागूबाई बाभळीखाली बसली होती. आज वळायला हिरवं वाढं नव्हतं, त्यामुळं तिचे हात मांडीवर रिकामे पडले होते. राहीबाई तिच्याजवळ जाऊन बसली.

"आत्याबाई, काल म्या तुमचा हात सोडला हुता."

"ठावं हाय."

"सुटला न्हाई. सोडला."

"ठावं हाय म्हन्ले ना. तुझ्या बांगड्या लांब गेल्या. मंग थांबल्या. मंग माघारी आल्या."

"तुमी हाक का न्हाई मारली?"

म्हातारीनं तोंड फिरवलं. होरपळलेल्या केसांवरून हात फिरवला. "हाक मारली असती आन् तू आली नसतीस, तर? मग त्ये ऐकत मरावं लागलं असतं."

राहीबाई रडली नाही. तिला रडायचीही भीती वाटत होती.

"आले नसते तर?" तिनं विचारलं.

"तहान लागलीया," भागूबाई म्हणाली. "तांब्या दे."

तिनं पाणी दिलं. म्हातारीनं सगळा तांब्या संपवला आणि पदरानं तोंड पुसलं. त्यावर त्या दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

दुपारनंतर राहीबाईनं कोयता घेतला. आगीनंतर तिसऱ्या दिवशी तोडता तोडता ती एका जागी आली, तिथं म्हातारीची काठी निम्मी जळून पडली होती. आजूबाजूच्या मातीत हातागुडघ्यांच्या खुणा होत्या, काही ठिकाणी एकाच जागेभोवती फिरलेल्या. राहीबाई उभी राहिली आणि तिथून चारीपर्यंत चालत गेली. पंचवीस पावलं. तिनं पुन्हा चालून बघितली. पंचवीसच.

ती तिथंच खाली बसली. मागून भिमाजीनं आवाज दिला, गाडी भरायची होती. ती उठली, दोन्ही तळवे लुगड्याला पुसले, आणि तोंडात येणारी काजळी थुंकत पुढची कांडी बुडख्यातून तोडली.