यमूवहिनी माईकसमोर बोलत नाही

माईकचा धंदा मी उमरभर केला. लग्न, बारसं, सभा, गणपती, जिथी पाहाल तिथी नत्थूजीचा भोंगा. कोणाच्या हातात माईक गेला का तो सोडतच नाही, अन् कोणाची बोबडी वळते, हे मी रोजचं पाहिलं. पण यमूवहिनीसारखं माणूस दुसरं नाही पाहिलं बाप्पा.

यमूवहिनी म्हणजे आमच्या गल्लीतल्या गणपतरावाची बायको. गणपतराव कचेरीत कारकून. नागपूरले गांधीबागेच्या मागच्या गल्लीत त्याईचं घर, समोर माझं दुकान. त्याईचा पोरगा मार्तंड इंजिनिअरिंगचं पुढचं शिकायले जर्मनीले निघाला, एकाहत्तर सालची गोष्ट. वहिनी म्हणे, जाऊ नको. एकुलता एक, अन् घरात पाण्याचा गिलासही हातानं न घेणारा पोट्टा. तो गेला तेव्हा सारी गल्ली हार घेऊन स्टेशनवर. वहिनी मात्र नाही आल्या. घरी बसून राहिल्या.

दिवाळीनंतर महिन्याभरानं तिकडून परत येणाऱ्या एका माणसासंगं मार्तंडानं एक लहानसा टेप पाठवला. विटेएवढा. त्यात एक कॅसेट. गणपतराव तो टेप दोन्ही हातात देवासारखा धरून माझ्या दुकानात आले.

"नत्थूजी, हे तुमच्याच हातानं सुरू करा. आपल्याले करंट लागते."

"अहो, सेलवर चालते ते. काय करंट लागते?"

पण तोवर गल्ली जमली होती. समोरच्या भाजीवाल्या भीमाबाईनं टेपले हळद-कुंकू लावलं. मी नको नको म्हणेपर्यंत बटनात कुंकू गेलंही. बटन दाबलं, अन् मार्तंड बोलाले लागला.

काय सांगू तुमाले! सिनेमा फिका. म्हणे इथला पाव असा कडक, चावला का शेजारच्या खोलीत ऐकू जाते. बर्फ पडते तं आवाजच नाही करत, सकाळी उठून पाहा तं सायकल गायब, बर्फाखाली. अन् घरमालकीण दर हप्त्याले दारावर पाटी लटकवते. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं जिना धुवायचा.

"कोण धुते जिना?" गणपतराव ओरडले.

"मी धुतो," टेपातून मार्तंड म्हणे. जसं काही ऐकूनच बोलला. सारी गल्ली हासली. गणपतराव नाही हासले.

"इंजिनिअर व्हायले पाठवला का जिना पुसायले?"

"जिना पुसता येते तं पूल बांधता येईन," भीमाबाई म्हणे. "तुमाले तं दोन्ही नाही येत."

शेवटी मार्तंड म्हणे, कॅसेट इथी भल्ली महाग आहे, म्हणून ही एकच. यावरच तुमचं बोलणं भरा अन् पोस्टानं पाठवा. माझं पुसलं जाईन, जाऊ द्या. सगळ्याईनं बोला. आई, तूही बोल.

मंग काय, लाइन लागली. गणपतराव बोलले, अर्जातलं वाचल्यासारखं. मी बोललो. अन् वहिनीची पाळी आली. वहिनीनं डोक्यावरून पदर घेतला, माईकसमोर ताठ बसल्या, अन् सापाकडे पाहावं तशा माईककडे पाहून राहिल्या.

"बोला वहिनी."

कॅसेट फिरून राहिली. वहिनीचा नुसता श्वास.

"अहो, पोरगा आहे तुमचा. काहीही बोला."

"नमस्कार," वहिनी म्हणल्या, इतक्या हळू का माईकलेही समजलं नसंन. अन् उठून गेल्या. उरलेली जागा भीमाबाईनं भरली. वांग्याचा भाव, मेथीचा भाव, अन् कोणाच्या म्हशीले काय झालं ते.

कॅसेट गेली. दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या.

"भाऊजी, मार्तंडाले लावा ना जरा. बर्फाचं ऐकाचं आहे."

आता काय सांगू? म्हटलं, "वहिनी, ते गेलं. त्याच्यावरच आपण बोललो ना. तो पुसला गेला."

"पुसला?" एवढंच म्हणल्या. अन् माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच फडकं घेऊन पोरगा पुसला.

पुढच्या महिन्यात तीच कॅसेट फिरून आली. पुन्हा गल्ली जमली. मार्तंडानं सांगितलं का थंडी वाढली, जिना अजून धुवाच लागते, अन् तिकडे संत्रं भेटते, पण साल सुटत नाही, चाकू लागते. नागपूरच्या माणसानं संत्र्याले चाकू लावाचा म्हणजे पाप! त्यानं वाटाण्याचं वरण केलं, तं ते भांड्यालेच चिकटलं. अन् मंग म्हणे, "तुम्ही सगळे बोलले. भीमाबाईनं तं भावही सांगितले, घरमालकीण विचारून राहिली का ही बाई कोण भांडते. पण आई नाही बोलली. आई, तू रागावली काय?"

कोणी हासलं नाही.

गणपतराव बायकोकडे वळले. "आता तं बोलशीन ना?"

वहिनीनं टेपातून कॅसेट काढली, पदराखाली घातली, अन् घरी. पोह्याच्या डब्यात लपवून ठेवली. म्हणल्या, "मी नाही पुसू देत. पहिल्यांदा पुसू दिलं, आता नाही."

"अवं, मंग त्याले उत्तर कसं जाईन?" गणपतराव म्हणे.

"त्याले तुमचं उत्तर जाईन अन् माझा पोरगा पुसला जाईन. माझ्याच्यानं त्या माईकच्या दांड्यासमोर बोलवत नाही. मंग मले काय भेटलं?"

बरोबरच होतं त्याईचं. पण तिकडे पोट्टा वाट पाहून राहिला, आई रागावली समजून. गणपतराव रोज कचेरीतून आले का माझ्या दुकानात डोकं धरून बसत. मी जरीपटक्याच्या बाजारापासून बर्डीपर्यंत फिरलो, तशी दुसरी कॅसेट काही भेटली नाही. दुकानदार म्हणत, हे काय असते बे?

मंग माझ्या डोक्यात आलं. माझ्यापाशी धंद्याचा मोठा टेप होता, चक्रीवाला, म्हणजे मोठ्या चक्रीवर फीत फिरते तो, पेटीएवढा. म्हटलं, वहिनी, हा लहान टेप वाजवतो, त्याच्यासमोर मोठ्या टेपाचा माईक ठेवतो. मार्तंडाचा आवाज चक्रीवर उतरून घेतो. चक्री माझ्या दुकानात, कधीही या अन् ऐका. मंग कॅसेट पुसली तरी चालते.

"पक्कं?"

"नाही उतरलं तं भोंगा विकून टाकीन."

वायर जोडून काम झालं असतं, पण त्या जर्मन टेपाची पिनच अलग. म्हणून माईकनंच करायचं होतं, अन् माईकले तं सारंच ऐकू येते. दुपारच्या वेळी दुकानाचं दार लावलं. गल्लीतल्या हमालाईले सांगितलं, ठेले हळू न्या. भीमाबाईले हात जोडले, "अर्धा घंटा ओरडू नको वं माय." ती म्हणे, "भाजी काय मुकी विकू?" पण कबूल झाली. आत आम्ही तिघंच. गणपतराव तोंडावर हात धरून उभे, वहिनी शामियान्याच्या गठ्ठ्यावर बसलेल्या.

दोन्ही टेप सुरू केले.

"इथी आता थंडी भल्ली वाढली," मार्तंड म्हणे.

"मंग कानाले बांध ना," वहिनी म्हणल्या.

मी हातानं खूण केली, चूप! वहिनीनं मान हालवली. समजलं म्हणून.

"वाटाण्याचं वरण केलं मी..."

"भिजू घातले होते काय आधी? तसेच टाकले असतीन."

गणपतराव डोळे वटारून राहिले. वहिनीचं लक्षच नव्हतं. समोर माईक होता हे त्या विसरूनच गेल्या. त्याईच्यासाठी त्या खोलीत एकटा मार्तंड होता. जिन्याचं आलं तं म्हणल्या, "ओल्या जिन्यावर चपला घालून चढू नको, घसरशीन." संत्र्याचं आलं तं म्हणल्या, "ये तू घरी, मी सोलून देते तुले."

मी टेप बंद करायले हात पुढे केला. अन् तेवढ्यात ते आलं.

"आई, तू रागावली काय?"

तिथी पोट्टा जरा थांबला होता. टेपात नुसती खरखर.

"रागावून कुठी जाऊ रे?" वहिनी म्हणल्या. "स्टेशनवर आली असती तं तुले गाडीत चढू दिलं नसतं मी. म्हणून नाही आली."

माझा हात तिथीच राहिला. गणपतराव भिंतीकडे तोंड करून उभे. अन् बाहेर भीमाबाईचा दम संपला. "वांगेऽऽ घ्या वं, काटेरी वांगेऽऽ!"

टेप संपला. गणपतराव नाक पुसून एकदम तापले. "सारं खराब केलं! पुन्हा उतरवा आता."

"पुन्हा नाही," मी म्हटलं. "आता ही चक्री वाजवायची, समोर कॅसेट भरायची, अन् हेच पाठवायचं."

वहिनी गठ्ठ्यावरून उठल्याच. "हाय माय! मी बोलली ते त्यात गेलं? पुसा ते, भाऊजी. काय काय बोलली मी!"

"पुसतो. आधी एकदा ऐका."

चक्री उलटी फिरवून लावली. वहिनीनं आपला आवाज उमरीत पहिल्यांदा ऐकला. पहिले तं लाजल्या. मंग म्हणल्या, "माझा आवाज असा आहे? हा तं माझ्या मायसारखा आहे." रागाचं आलं तेव्हा पदर तोंडाले लावला. भीमाबाईचे वांगे आले तेव्हा हासल्या.

"चक्री तुमच्यापाशीच राहीन ना?"

"राहीन."

"मंग पाठवा," म्हणल्या. कॅसेट त्याईनंच आपल्या हातानं माझ्या हातात दिली.

ते उलटं भरताना आम्ही कोणी हाललो नाही. तरी एक खोकला आहे त्यात. तो माझा.

थंडी सरता सरता कॅसेट फिरून आली. दुकानात पाय ठेवायले जागा नाही. मी चक्रीच्या टेपाचा माईक आधीच समोर मांडला होता, चक्री भरून राहिली होती. बटन दाबलं.

"आई, वाटाणे भिजू घातले," मार्तंड म्हणे. अन् थांबला.

नुसती खरखर. आम्हाले वाटलं, सेल संपले. मी टेपले थापड मारणार, तं तो पुन्हा बोलला, "कानाले मफलर बांधला." अन् पुन्हा चूप.

गणपतराव म्हणे, "बिघडलं काय गा, नत्थूजी?"

पण वहिनीले समजलं होतं. त्या सरकून पुढे बसल्या होत्या. पोट्ट्यानं मुद्दाम जागा सोडली होती मधी मधी.

"कोणत्या रंगाचा घेतला?" वहिनीनं विचारलं.

अख्खी गल्ली पुढे सरकली.

"घरमालकीण ते बोलणं रोज ऐकते," मार्तंड म्हणे. "मले विचारून राहिली, मधीच ती बाई काय ओरडते? वांगे म्हणजे काय, सांगा तिले."

पुन्हा खरखर. सगळे वहिनीकडे पाहून राहिले. वहिनीनं मागे वळून भीमाबाईचा हात धरला अन् पुढे ओढलं.

"सांग वं," म्हणल्या, "तुलेच विचारते. अन् जरा लवकर सांग, मले अजून बोलाचं आहे."