भुरीला धरायचं कुणी

मोहिनीने कोंबड्यांचं डालगं उलटं करून झटकलं, तळाशी पोतं अंथरलं आणि चुलीमागे बसलेल्या भुरी मांजरीला उचलून अलगद आत ठेवलं. भुरीने नख काढलं नाही. तेवढा दम तिच्यात उरला नव्हता. मान एका बाजूला कललेली, डावा कान पुरीसारखा टम्म फुगलेला, आणि वास असा की जवळ जाणाऱ्याने तोंड फिरवावं. मोहिनीने डालग्यावर ओढणी ताणून बांधली.

दारात आई उभी होती.

"कुठं?"

"वेल्ह्याला. आबांच्या संग."

"आबा व्हय म्हणलं?"

"न्हाई म्हणलं न्हाईत."

आईने वाट सोडली नाही, पण अडवलीही नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावून ती जरा तिरपी झाली, तेवढ्या फटीतून मोहिनी डालगं घेऊन बाहेर पडली.

*

कान खाजवणं पावसाळा सरता सरता सुरू झालं. आत चहाच्या चोथ्यासारखा काळा मळ. मोहिनीने तो फडक्याने पुसला, तो पुन्हा आला. मग भुरी डोकं झटकायला लागली. जेवताना झटकायची, झोपेत झटकायची, उंदरावर टपून बसली तरी झटकायची, आणि उंदीर निघून जायचा. एका सकाळी कान फुगून आला.

बाजीने, तिच्या बापाने, तो पाहिला. पाहिला म्हणजे त्याची नजर तिकडे गेली आणि लगेच शेळीच्या खुरावर आली. पाली गावाच्या वरच्या अंगाला त्यांची वस्ती. तिथे कुणाच्या करडाला जंत झाले, बोकडाचं शिंग मोडलं, शेळी अडली, की बाजीला हाक जायची. एकदा आजारी पाट, म्हणजे तरणी शेळी, खांद्यावर टाकून भर पावसात तो वेल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत चालत गेला होता. तोच माणूस मांजराच्या कानाकडे बघेना.

"बसंल आपोआप," तो म्हणाला.

मोहिनीला वाटलं, मांजर दूध देत नाही, विकलं जात नाही, म्हणून. तिने दोन दिवस अबोला धरला.

*

तसं नव्हतं.

*

आईने ते भाकरी थापता थापता सांगितलं, तेही परातीकडे बघत. बाजीचा चुलता होता, गेनबा. अंधारात त्याच्या हातून धान्याचं पोतं सुटलं आणि खाली मांजर होतं. मांजर मारलं की सोन्याचं मांजर करून दान द्यावं लागतं, हे तर पोरालाही ठाऊक. गेनबाकडे सोनं कुठलं? त्याने कणकेचं केलं, हळदीने पिवळं केलं आणि गुंजवणी नदीच्या पाण्यात सोडलं. पण त्याचं त्यालाच ते पटलं नाही. पुढे शेळी मेली तरी त्या मांजराने, पोराला ताप आला तरी त्या मांजराने. म्हातारा झाला तरी त्या पाण्याकडे बघत बसायचा. बाजी त्याच्याच हाताखाली वाढलेला.

"आपणहून मेलं तर ते त्याचं मरण," आई म्हणाली. "आपण हात लावला, सुई टोचली, आन् मेलं, तर ते आपल्या माथी."

"आन् हात न लावता मेलं तर?"

आईने तव्यावरची भाकरी परतली. ती आधीच परतलेली होती.

*

वडापच्या जीपमध्ये बाजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, कारण तो शेळ्यांच्या जंताचं औषध आणायला निघाला होता आणि मागे डालगं घेऊन बसलेल्या पोरीशी त्याचा तसा काही संबंध नव्हता, हे त्याच्या पाठीकडे बघूनच कळत होतं, आणि कुणीतरी विचारलं, काय गं, कोंबडी का, तर मोहिनी हो म्हणाली, तेवढ्यात कोंबडी म्याँव करून ओरडली, सगळी जीप हसली, ड्रायव्हर हसला, फक्त ती पाठ हसली नाही.

*

दवाखान्याच्या फाटकाशी तो थांबला.

"मी हितं हाय," तो म्हणाला. "तुझं तू बघ."

आतल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी भुरीच्या दुसऱ्या कानात उजेड टाकून पाहिलं, मग फुगलेल्या कानाला बोट लावलं. कानात बारीक किडे झालेत, त्यांनी सांगितलं. झटकून झटकून आतली शीर फुटली आणि रक्त साठलं. भूल देऊन ते काढायचं, टाके घालायचे.

"वय झालंय हिचं," त्या म्हणाल्या. "बहुतेक काही होणार नाही. पण भूल एखाद्याला सोसत नाही, हे आधीच सांगते."

मोहिनीने विचारलं, न केलं तर. तर दुखत राहील, पू आत सरकेल, त्यानेही जीव जाऊ शकतो. म्हणजे दोन्हीकडून तेच. मोहिनीने मान डोलावली. तिला वाटलं होतं, हो म्हणायला फार धीर लागेल. लागला नाही.

शिपाई लसीकरणाला गावोगाव गेला होता. धरायला कुणी नव्हतं.

"तू धरशील? घट्ट धरावं लागेल."

मोहिनीने धरलं. सुई दिसली मात्र, आणि इतके दिवस मरगळलेली भुरी तिच्या हातांतून अशी निसटली की टेबलावरची बाटली आडवी झाली. ती थेट कपाटाखाली गेली. मोहिनी गुडघ्यांवर बसून तिला हाका मारू लागली. आवाज रडका झाला होता.

"हो बाजूला."

बाजी दारात होता. त्याने मधल्या वेळात शेळ्यांसाठी आणलेली औषधाची बाटली खिडकीत ठेवली, खांद्यावरचा टॉवेल काढला, कपाटाखाली हात घातला. आतून फिस्कारणं ऐकू आलं. मग त्याचा हात बाहेर आला, हातात भुरी. टेबलावर त्याने तिला टॉवेलात गुंडाळलं, चारी पाय आत, फक्त डोकं आणि मागचा पुठ्ठा बाहेर. करडाला दवा पाजताना धरतो तसं.

"आबा, हात लावला आन् मेलं तर आपल्या माथी, आसं आई..."

"तुला अजून लई जगायचंय," तो म्हणाला. "तुझ्या हातानं नगं."

मग डॉक्टरांकडे न बघता म्हणाला, "टोचा."

*

भुरी जड होत गेली. डोळे उघडेच राहिले.

टाके घालून झाले तरी बाजीचा तळवा तिच्या बरगड्यांवर होता. डॉक्टर म्हणाल्या, आता सोडलंत तरी चालेल. त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडलं नाही. तो बाकावर बसला, भुरी मांडीवर. मोहिनी शेजारी बसली. बाहेर कुणाची तरी म्हैस आली, गेली. बाजीच्या ओठांची हालचाल होत होती. देवाचं नाव असेल, किंवा नुसता श्वास मोजत असेल.

मग भुरीचा एक पंजा हलला. मग शेपटीचं टोक. मग तिने मान उचलली, घशातून एक आवाज काढला आणि बाजीच्या पांढऱ्या विजारीवर भडाभडा ओकली.

बाजीने विजारीकडे पाहिलं. मग आत हाक दिली.

"मॅडम, ओकली ओ."

शेळीला जुळी झाली की तो वस्तीला याच आवाजात सांगायचा.

*

परतीला अंधारून आलं होतं. आई अंगणातच होती. तिने आधी डालग्यात पाहिलं. कानाला टाके, डोळे गुंगलेले, पण बघत होते. तिने भुरीच्या नाकापुढे बोट धरलं, भुरीने ते हुंगलं. आईने श्वास सोडला.

"धरलं कुणी?" तिने विचारलं.

मोहिनीने तोंड उघडलं. बाजी आधी बोलला.

"हाय की तिथं दवाखान्यातला मानूस. त्यानं धरलं."

आई वळली. आत गेली, खोबरेलाची वाटी घेऊन आली आणि बाजीचा हात ओढून त्याच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली. मनगटापासून वर लाल ओरखडे उठले होते. ती तेलाचं बोट एकेकावरून हळूहळू फिरवू लागली. बाजी डोंगराकडे बघत राहिला.

"लई गुणाचा दिसतोय तो मानूस," आई म्हणाली, आणि दुसरी बाही सारायला घेतली.