शोनझे गावचा शिपाई

हार्म्स घराण्यातल्या कुणी बंदूक हातात धरायची नाही, एवढ्या एका गोष्टीपायी या घराण्याने दोन देश सोडले होते. आधी प्रशियाच्या राजाला त्यांची पोरं सैन्यात हवी झाली, तेव्हा गाड्या भरून ते रशियात गेले. पुढे झारलाही तीच हुक्की आली, तेव्हा बोटीत बसून थेट कॅनडात, मॅनिटोबाच्या सपाट माळावर. प्रत्येक वेळी बरोबर नेलं काय, तर बियाण्याचा गहू, गीतांचं पुस्तक आणि गावाचं नाव. प्रशियात एक शोनझे होतं, रशियात एक झालं, मॅनिटोबात तिसरं. नवं नाव शोधायची तसदी कुणी घेतली नाही. जे मागे राहिले ते राहिले. त्यांचं पुढे काय झालं याची चौकशीही फारशी कुणी केली नाही.

युद्ध पाप मानणाऱ्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत या घराण्याकडे एक मान होता. शोनझेच्या चर्चमध्ये वाद्य नव्हतं. देवाला पेटी लागत नाही, असं मंडळीचं मत. मग गाण्याची सुरुवात करणारा एक माणूस पुढच्या बाकावर, लोकांकडे तोंड करून बसायचा. आजा बसला, बाप बसला, आता गेरहार्ड बसत होता. त्याने सूर लावला की बायका-पुरुष दोन्हीकडून उचलत. आवाज गोड होता अशातला भाग नाही, पण सूर कधी चुकला नव्हता.

त्याचा एकुलता एक मुलगा हाइन्रिख. दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा मंडळीतल्या इतर पोरांसारखी त्यालाही सूट मिळाली. बंदुकीऐवजी कुदळ घेऊन डोंगरात झाडं लावायला जायचं. एक हिवाळा त्याने झाडं लावली. मग एके दिवशी तो छावणीतून खाली उतरला आणि सरळ भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. का, ते त्याने कळवलं नाही. घरात जेवताना त्याची खुर्ची होती तिथेच राहिली, पण तिच्याकडे कुणी बघायचं नाही असं न बोलता ठरलं. आई आगानेथा रात्रीची प्रार्थना मनातल्या मनात करायला लागली. त्या प्रार्थनेत कुणाचं नाव असतं ते गेरहार्ड समजला.

मग पेपरात हाइन्रिखचा फोटो आला. हॉलंडमध्ये शौर्य गाजवलं म्हणून त्याला पदक मिळालं होतं. स्टेशनाजवळच्या इंग्रज दुकानदाराने तो फोटो कापून काचेवर चिकटवला. धान्याच्या कोठारावरचा माणूस येऊन गेरहार्डचा हात हलवून गेला आणि म्हणाला, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. पोराला चोरी करताना पकडल्यासारखा गेरहार्डचा चेहरा लाल झाला. आणि खरं सांगायचं तर त्या लाजेच्या तळाशी बोटभर अभिमान होता. त्याला जास्त लाज त्या अभिमानाचीच वाटली.

युद्ध संपल्यावर पोरं परतली. मंडळीचा नियम साधा होता. जो सैन्यात गेला त्याने रविवारी सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि युद्धावर गेल्याबद्दल देवाची व मंडळीची माफी मागायची. मग त्याला प्रभुभोजनाच्या भाकरीला घ्यायचं. नाही मागितली, तर दाराजवळच्या मागच्या बाकावर बसायचं. त्या बाकाकडे भाकर येत नसे. तिथे बसणाऱ्याला गावात कुणी मुलगी देत नसे, आणि मेल्यावर दफनभूमीच्या कुंपणाच्या आत जागाही मिळत नसे. झावाट्स्कींच्या पीटरने तीन वर्षं सैन्यात बटाटे सोलले होते. त्याने एका दमात माफी मागितली आणि घरी जाऊन आलुबुखाराच्या मुरंब्याबरोबर बन खाल्ले. जे लढाईच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते त्यांचं असं पटापट उरकलं.

हाइन्रिखचं उरकेना. आज मागेन, पुढच्या रविवारी मागेन, असं म्हणत त्याने पेरणी काढली, कापणी काढली. विनिपेगला रेल्वेत त्याच्यासाठी नोकरी तयार होती. शेवटी त्याने सांगून टाकलं की या रविवारी उभा राहतो. मंडळीने घेतलं तर इथे, नाहीतर सोमवारच्या गाडीने जातो. आगानेथाने त्या आठवड्यात दोनदा दुधात साखरेऐवजी मीठ टाकलं.

शनिवारी संध्याकाळी गोठ्यात बाप आणि मुलगा दोघेच होते. गेरहार्डला बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"दोन शब्द आहेत, हाइन. सगळे म्हणतात."

"सगळ्यांनी बटाटे सोललेत, पापा."

"मग तूही बटाटे सोलले असं समज आणि म्हणून टाक. मनात काय आहे ते कोण बघायला येतंय?"

हाइन्रिखने गाईच्या कासेखालची बादली बाजूला घेतली. "कोर्टात आपण शपथ घेत नाही. का, तर आपला साधा शब्दच खरा असतो. हे मला कुणी शिकवलं?"

गेरहार्डने गव्हाणीत वैरण सारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुणाला खोटं बोल म्हणून सांगितलं होतं, आणि तेही स्वतःच्या मुलाला, देवाच्या घरात उभं राहून बोलायला. पण सोमवारची गाडी त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"आईकडे बघून तरी म्हण," तो म्हणाला.

"आईकडे बघून तर अजिबात जमणार नाही."

रविवारी चर्च भरलं. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. मंडळीचे थोरले म्हणजे याकोबकाका. ते आणि गेरहार्ड एकाच बाकावर अक्षरं शिकले होते, पण आज त्यांनी गेरहार्डकडे बघायचं टाळलं. त्यांनी हाइन्रिखचं नाव घेतलं. तो साध्या काळ्या कोटात पुढे आला. गेरहार्ड लोकांकडे तोंड करून बसलेला, त्यामुळे त्याला मुलाचा चेहरा अगदी समोर दिसत होता.

"हॉलंडमध्ये कालव्याच्या काठी एक विटांचं घर होतं," हाइन्रिख म्हणाला. "आत जर्मनांची मशिनगन होती. आमची बरीच पोरं तिने पाडली. सकाळी धुकं होतं. मी मागून गेलो आणि खिडकीतून बाँब टाकला. पदक त्याचं. ते तुम्ही पेपरात वाचलंत."

याकोबकाकांनी मान हलवली. पुढचं कुणी वाचलेलं नव्हतं.

"आत गेलो तर एक जण जिवंत होता. पोरगाच होता. पाणी मागत होता, आपल्या बोलीत. पुस्तकातल्या जर्मनमध्ये नाही, घरात बोलतो त्या बोलीत. मी म्हटलं, थांब, देतो. त्याने विचारलं, कुठल्या गावचा? मी म्हणालो, शोनझेचा. तो हसला. म्हणाला, मीपण शोनझेचाच की, तू कुणाचा? आणि त्याने हात कोटात घातला. मला वाटलं, पिस्तूल. मी गोळी घातली."

बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका गिळला.  तू कुणाचा, हे इथली प्रत्येक म्हातारी रस्त्यात पोराला अडवून विचारते. गेरहार्ड स्वतः विचारत आला होता. आणि कुणाचा, ते कळलं की आधी खायला देतात.

"हातात पाव होता," हाइन्रिख म्हणाला. "रुमालात बांधलेला. मला द्यायला काढत होता. त्याच्यासाठी मी माफी मागतो. देवाची, तुमची आणि त्याच्या आईची. पण गेलो याची माफी मला मागता येत नाही. मी खूप प्रयत्न केला, पापा. आतून येतच नाही."

त्याने मंडळीसमोर बापाला हाक मारली, हे रीतीला धरून नव्हतं. पुरुषांच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं की सुंभ जळला तरी हार्म्सांचा पीळ जायचा नाही.

याकोबकाका एक पाऊल पुढे आले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "हाइन्रिख, एवढं पुरत नाही रे. गेल्याचं म्हण. एवढंच म्हण, मी तुला आत्ता जवळ घेतो."

"एवढ्यापुढे काही बोललो तर ते खोटं होईल, काका."

याकोबकाकांनी डोळे पुसले. त्यांना त्या पोराची दया आली होती, पण नियम त्यांच्या एकट्याचा नव्हता. त्यांनी दाराकडे हात केला. हाइन्रिख मधल्या वाटेने मागे गेला आणि शेवटच्या बाकावर एकटा बसला. आगानेथाने मान वळवून पाहिलं आणि वळवलेली मान तिने परत सरळ केली नाही.

आता भाकर वाटायच्या आधीचं गीत होतं. याकोबकाकांनी गेरहार्डला खूण केली.

गेरहार्डने पुस्तक उघडलं. मुलगा चुकला होता, असंच त्याला वाटत होतं. युद्धावर जाणं पाप आहे, हे त्याच्या हाडात होतं आणि आजच्या बोलण्याने ते काही निघालं नव्हतं. पण काल गोठ्यात खोटं बोल म्हणणारा इथे पुढच्या बाकावर बसला होता आणि ज्याने खोटं बोलायचं नाकारलं तो दारापाशी. तोंड उघडलं तरी सूर लागेना. याकोबकाकांनी दुसऱ्यांदा खूण केली.

गेरहार्डने पुस्तक मिटून बाकावर ठेवलं. तो उठला आणि मधल्या वाटेने चालायला लागला. एका बाजूच्या पुरुषांनी खाली पाहिलं, दुसऱ्या बाजूच्या बायकांनी सरळ त्याच्याकडे पाहिलं. कुणीतरी घाईघाईने भलत्याच पट्टीत गीत सुरू केलं आणि मंडळी धडपडत त्याच्यामागे गेली.

हाइन्रिख मागच्या बाकाच्या मधोमध बसला होता. बाप समोर येऊन उभा राहिल्यावर तो घाबरला.

"पापा, जा पुढे. इथे भाकर येत नाही."

"माहीत आहे मला," गेरहार्ड म्हणाला. "सरक जरा."