मिसकॉलवर मोटर चालवणारा पहिला बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना सर्किट बोर्ड आहे, आणि माझी पाठ पाहून तुम्ही नाक मुरडणार हे मला चांगले ठाऊक आहे. पाठीवर दोन निळ्या तारा आडव्यातिडव्या जोडल्या आहेत आणि कोपऱ्यात एक बटण ठिगळासारखे बसवले आहे. माझ्यामागून आलेले बोर्ड कसे गुळगुळीत, हिरवेगार! असू द्या. ते सगळे माझ्यावरून निघाले. पहिला मी.

माझा जन्म २०१२ सालचा, गोंदियातला. जवळच्या मुर्री गावच्या अल्काताईंनी पुण्यातली सहा वर्षांची नोकरी सोडून इथे एक खोली घेतली आणि दारावर पाटी लावली, ‘हार्डवेअर डिझाइन सल्लागार’. झाले! पहिल्या महिन्यात लोक खिळे, बिजागऱ्या आणि रंगाचे डबे मागायला आले. एकजण तर मिक्सर घेऊन आला. ताई प्रत्येकाला शांतपणे सांगायच्या की, फोनशी बोलणारी यंत्रे कोणाला बनवायची असतील तर त्यांचे डोके कसे असावे, ते मी ठरवून देते. लोक मान डोलवायचे आणि पुन्हा खिळ्यांचा भाव विचारायचे. वर्षभरात काम मिळाले नाही तर पुण्याला परत जायचे, असे ताईंनी घरी कबूल केले होते. आठ महिने तसेच गेले.

मग श्यामलालजी आले. त्यांचा मोटरपंपाचे स्टार्टर बनवण्याचा कारखाना होता. शेतात विजेची लाईन कधी येईल याचा नेम नाही, शेतकरी खेपा घालून थकतो, तेव्हा घरबसल्या फोनवरून मोटर चालू झाली पाहिजे, अशी त्यांची मागणी. दुसऱ्या कोणी संदेश टाईप करायची युक्ती सुचवली होती. पण ताई आधी चार गावे फिरल्या आणि त्यांनी पाहिले की इथे एक गोष्ट लहानथोर साऱ्यांना येते, मिसकॉल देणे. फोन लावायचा, वाजू द्यायचा आणि कापायचा. पैसाही लागत नाही.

अशा रीतीने माझी घडण झाली. लाईन आली की मी मालकाला मिसकॉल द्यायचो. मालकाने उलट मिसकॉल दिला की मोटर सुरू करायचो, आणखी एक दिला की बंद. सांगा बरे, आहे की नाही अक्कल? फक्त एका ठिकाणी ताई अडल्या होत्या. ठरावीक नंबरचाच मिसकॉल घ्यावा, असे त्यांच्या मनात होते. श्यामलालजी हसले. इथली माणसे नवी स्कीम आली की सिम बदलतात, नंबर बांधून ठेवला तर रोज तक्रारी येतील, असे ते म्हणाले. ते खरेही होते. म्हणून कोणाचाही मिसकॉल मला चालायचा.

आमगावजवळ कवडूभाऊंच्या शेतात माझी परीक्षा ठरली. पास झालो तर माझ्यासारखे शंभर बोर्ड विकायला जाणार होते. आठ दिवस मी एकदाही चुकलो नाही. कवडूभाऊ घरी चहा पितापिता मोटर चालू करून दाखवायचे आणि अख्खी आळी ते बघायला जमायची. त्यांच्या घरच्या वच्छलाबाई म्हणायच्या की हा माणूस मला कधी इतक्या कौतुकाने फोन करत नाही. मी पेटीत बसून फुगत होतो. मित्रांनो, खोटे कशाला बोलू?

नवव्या दिवशी सकाळी मोटरचा पट्टा चाकावरून निसटला. कवडूभाऊंनी मिसकॉल देऊन मोटर थांबवली आणि ते पट्टा हाताने बसवायला वाकले. मेन स्विच त्यांनी पाडला नाही. फोन खिशात आहे, आपण पुन्हा मिसकॉल दिलाच नाही, तर मोटर चालेलच कशी, असा त्यांचा हिशेब. तेवढ्यात वच्छलाबाईंनी बांधावरून हाक मारली की बकरी धानाच्या पऱ्ह्यात, कोवळ्या रोपांत शिरली. कवडूभाऊ ताठ झाले, हात चाकावरून निघाला, आणि नेमका तेव्हाच मला फोन आला. मी घंटा मोजल्या. घंटा थांबली. मिसकॉल! मी मोटर सुरू केली. पट्ट्याने कवडूभाऊंच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून नेला आणि त्याच्या चिंध्या केल्या.

दुपारी ताई आल्या, तेव्हा कवडूभाऊ ओशाळून उभे होते. ते म्हणाले, “बाई, माहीच गलती असन. खिशात बटन दबला असन.”

ताईंनी मला पेटीतून काढले आणि आलेले नंबर तपासले. तो फोन कवडूभाऊंचा नव्हताच. सिम विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीचा होता, गाण्याची घंटा लावा म्हणून सगळ्यांना येतो तसला. मित्रांनो, ती चूक त्या वेळी फक्त आम्हा दोघांना माहीत होती. कवडूभाऊ स्वतःच दोष घेत होते. तिकडे शंभर बोर्ड छापून तयार होते आणि उन्हाळी धानाच्या आधी ते विकायचे होते. ताई गप्प राहिल्या असत्या तर खोलीही राहिली असती आणि नावही झाले असते. मी तर जीव मुठीत धरून होतो. मला वाटले, आता आपण भंगारात.

ताई म्हणाल्या, “कवडूभाऊ, तुमची चूक नाही. माझी आहे. आजपासून ही मोटर हातानेच चालवा.”

तिथून त्या मला घेऊन थेट श्यामलालजींकडे गेल्या. श्यामलालजी वैतागले. ते म्हणाले, “मॅडम, कुछ हुआ तो नहीं ना? कागदावर छापून देऊ, मेन स्विच पाडा म्हणून.”

“कागद वाचून कोणी पट्टा बसवत नाही,” ताई म्हणाल्या. “हात माणसाचा आहे, श्यामलालजी. हे असेच विकायचे असेल तर मी या कामात नाही.”

श्यामलालजींनी पंधरा दिवस दिले, तेही तोंड वाकडे करून. ताईंनी माझ्या पाठीवर या दोन तारा जोडल्या आणि बटण बसवले. ते दाबून ज्या नंबरावरून मिसकॉल द्याल, तोच नंबर मी ओळखणार. सिम बदलले तर पेटी उघडून पुन्हा बटण दाबा. शिवाय पेटीवर एक खटका आला. तो खाली असला तर राजाचाही फोन येवो, मी हलणार नाही! माझ्यावर हे साधले, मग उरलेल्या शंभर बोर्डांना ताईंनी स्वतः बसून, फुकट, तशाच तारा जोडल्या. चौदाव्या दिवशी पेट्या गेल्या. ताई पुण्याला गेल्या नाहीत.

पुढे कामे येत गेली. कोणाला दुधाच्या टाकीचे तापमान फोनवर हवे, कोणाला तळ्याच्या पाण्याची पातळी. नवा माणूस आला की ताई चकचकीत बोर्ड दाखवत नाहीत. आधी मला पुढे ठेवतात आणि सांगतात, इथे मी चुकले होते. काहीजण उठून जातात. जे बसून राहतात, त्यांची कामे होतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्या वहीत एखादे गणित चुकले असेल तर पान फाडू नका. खोडा आणि शेजारी बरोबर करून ठेवा. आणि घरातले जुने, ठिगळाचे यंत्र भंगारात घालण्याआधी एकदा विचारा, बाबा, तुला हे ठिगळ कशापायी लागले?

मागच्या दिवाळीनंतर कवडूभाऊ खोलीवर आले होते. सोबत नव्या चिन्नोर तांदळाचे गाठोडे होते. त्यांनी ते टेबलावर माझ्या शेजारीच सोडले, ओंजळ भरून ताईंपुढे धरली आणि म्हणाले, “वास घेऊन पाहा, बाई.”

ताई वास घ्यायला वाकल्या. मी मात्र ती ओंजळ बघत होतो. दहाही बोटे होती.