एका देशावर दोन टिकल्या

मित्रांनो, येलदरीजवळच्या एका शाळेत खिळ्याला टांगलेला जगाचा जुना नकाशा म्हणजे मी. पाठीला कापड, वर-खाली लाकडी दांड्या. नवा होतो तेव्हा मुलं माझ्यावर देश शोधायला भांडायची. पुढे वर्गात मोठा टीव्ही आला आणि मला गुंडाळून कपाटावर टाकलं. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला.

मला खाली काढलं सत्यशीलाबाईंनी. त्या समाजशास्त्र शिकवायच्या. गरीब-श्रीमंतांतलं अंतर जिथे मोठं तिथे लाल टिकली, जिथे कमी तिथे हिरवी, असं त्या माझ्यावर चिकटवू लागल्या. दक्षिण आफ्रिकेवर लाल लागली. स्वीडनवर आधी हिरवी लागली आणि शेजारी लालही.

"बाई, एकाच देशाला दोन कशा?" वर्गातल्या सुगतनं विचारलं.

"कमाई मोजली तर तिथं अंतर कमी हाय. साठवलेली संपत्ती मोजली, तर लय. माप बदललं की चित्र बदलतं."

त्याच आठवड्यात मुख्याध्यापक रंगनाथ सर वर्गात आले. सकाळच्या शिष्यवृत्तीच्या तासाला साक्षी रोज उशिरा यायची. "उद्यापासून तू येऊ नको," ते म्हणाले. "तास सगळ्यांना सारखाच आहे."

साक्षीची मान खाली गेली. "सर, आमच्या वस्तीवर नळ न्हाई. पानी आणूस्तर उशीर व्हतो."

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तास सारखा हाय. तासाच्या आधीचं काम सारखं न्हाई. तुमी एकच माप लावायलाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतः वस्तीवर जाऊन आले. तेव्हापासून तो तास शाळा सुटल्यावर होऊ लागला.

साक्षी परीक्षेला बसली आणि तिला शिष्यवृत्तीही मिळाली. वस्तीवर नळ अजून आलेला नाही. रंगनाथ सर आता ग्रामसभेत दरवेळी तो विषय काढतात.

निकालानंतर साक्षीनं माझा कुरतडलेला कोपरा खळीनं चिकटवला. बराच वेळ बोट फिरवून म्हणाली, "बाई, ह्याच्यात आपली वस्ती दिसंना."

"साऱ्या जगाच्या नकाशात न्हाई दिसत, बाळा. तिथं जावंच लागतं."

मित्रांनो, मला उंदरांपासून, ओलीपासून जपा. जग मी जरूर दाखवीन. पण माझ्याकडे पाहून झालं, की पायांत चपला घाला आणि शेजारच्या वस्तीवर जाऊन या.