न उकळणारं कूलंट

मालकाच्या जावयाने आपल्या दुकानातून इंजिन थंड ठेवणाऱ्या बिनपाण्याच्या कूलंटचे डबे गॅरेजात ट्रकपुढे आणून मांडले, तेव्हा ड्रायव्हर एकेक डबा उचलून बघू लागला. उद्या चोवीस टन सिमेंट भरून याच ट्रकने त्याला डोंगर चढायचा होता.

"बाबा, हे उकळतच नाही!" जावई म्हणाला.

मालक खूश झाला. न उकळणारी माणसं त्याला आधीपासूनच आवडायची, आता इंजिनही तसंच मिळणार होतं.

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "आधी जुन्या पाण्याचा थेंबन्‌थेंब काढावा लागेल. आणि रस्त्यात गळलं, तर वरून पाणी ओतायचं नाही."

"नवा माल गळेल कशाला?" मालक म्हणाला.

"माल नवा आहे हो, नळ्या जुन्या आहेत," ड्रायव्हर म्हणाला. "आजवर पाणी उकळलं की वाफ दिसायची आणि मी गाडी थांबवायचो. हे उकळणार नाही, पण इंजिन तर तापणारच. मला कळणार कसं?"

"तापमानाच्या काट्याकडे बघ की!"

"काटा दोन वर्षं बंद आहे, मालक. तुम्हीच म्हणालात, वाफ दिसते ना, मग काटा कशाला?"

जावई हसला. "काका, एवढे घाबरता?"

ड्रायव्हरने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "जावईबापू, उद्या चढावर तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो."

जावयाला तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आठवलं.

तो गेल्यावर मालक मिस्त्रीवर खेकसला, "आधी नळ्या आणि काटा बदल!"

"आणि हे डबे?"

"राहू देत. परत पाठवले तर लेक वर्षभर फोन उचलायची नाही."